मनी प्लांट आणि कुंडीतला वाफसा

(शेतकरी महिला प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



कृषि विद्यापीठाच्या वर्गात मनी प्लांटवर व्याख्यान ठेवलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. ज्या वेलीला फळ नाही, फूल नाही, जी गुरांना चालत नाही, तिच्यावर बोलायचे तरी काय? पण ही वेल आता खेड्यातही पोचली आहे. टीव्हीशेजारी, खिडकीच्या गजाला, सोसायटीच्या कार्यालयात, शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर, कुठे ना कुठे ती दिसतेच. शिवाय बचत गटाच्या भगिनी छोटी रोपवाटिका सुरू करतात तेव्हा पहिली लागवड बहुधा मनी प्लांटची असते. छाट फुकट मिळतो, भांडवल थोडे लागते आणि रोप लवकर विक्रीला येते. अडचण पुढे येते. जोमदार रोप गिऱ्हाईक घेऊन जाते आणि दीड-दोन महिन्यांनी "तुमचे रोप मेले हो" असे सांगत परत येते. पुढच्या वेळी ते दुसरीकडे जाते. अशी रोपे तपासली तर दहापैकी बहुतेक पाण्याने मेलेली निघतात. पाणी कमी पडून नव्हे, जास्त होऊन. म्हणून आजचा बराचसा वेळ मी पाण्यावर घालवणार आहे. बाकीच्या गोष्टी ओघाने येतील.

वेल कोणत्या कुळातली

मनी प्लांटचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ गाव प्रशांत महासागरातले मोऑरिया नावाचे लहानसे बेट, ताहितीच्या शेजारचे. १८८० साली या वेलीचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. त्यानंतर तिचे नाव तीन-चार वेळा बदलले आणि आजचे नाव १९६४ मध्ये ठरले. एवढा घोळ होण्याचे कारण म्हणजे ही वेल फुलतच नाही म्हटले तरी चालेल, आणि फूल पाहिल्याशिवाय वनस्पतीची जात-गोत लावणे कठीण जाते. फुले का येत नाहीत याचा उलगडा २०१६ साली झाला. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संजीवक या वेलीत पुरेसे तयार होत नाही, कारण ते तयार करणारे एक जनुक तिच्यात नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन दिल्यावर संशोधकांना फुले मिळाली. द्राक्ष बागायतदारांना हे जीए चांगलेच ओळखीचे आहे.

कूळ मात्र आपल्या घरातलेच आहे. अळू, सुरण आणि मनी प्लांट ही एकाच कुळातली भावंडे. खाजरे अळू खाल्ल्यावर घसा का खवखवतो, ते तुम्ही जाणता. तोच गुण या वेलीतही आहे. त्याकडे नंतर वळू.

मूळची ही वेल दमट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत, खोडाला धरून वर चढणारी. तिची बरीच मुळे मोकळ्या हवेत आणि पालापाचोळ्यात असतात. पाऊस भरपूर, पण पाणी मुळाशी साचून राहत नाही. हे एवढे ध्यानात ठेवले तर तिच्या निगेतील निम्म्या गोष्टी आपोआप समजतात.

कुंडीतला वाफसा

वाफसा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगणे म्हणजे सासूला भाकरी शिकवण्यासारखे आहे. पाऊस उघडला म्हणून लगेच कोणी औत घालत नाही. मूठभर माती घेऊन दाबतो. तिचा लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला, म्हणजे वाफसा आला. त्या मातीत पाणी असते आणि हवाही असते. मुळांना दोन्ही लागतात. मुळे श्वास घेतात, आणि मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली की त्यांचा श्वास कोंडतो. पाणथळ रानात तूर पिवळी पडते, ती याचमुळे.

आता हीच माती कुंडीत आणि घरात आणा. शेतात पाणी जास्त झाले तर ऊन आणि वारा मदतीला येतात, काही पाणी खाली झिरपते, काही चर काढून बाहेर घालता येते. घरात ऊन नाही, वारा नाही आणि कुंडीला तळ आहे. शिवाय पान जेवढा उजेड घेते, तेवढ्याच मानाने पाणी बाहेर टाकते. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या वेलीला दिवसभरात लागणारे पाणी फारच थोडे असते. आपण मात्र सकाळी तुळशीला पाणी घातले की उरलेला तांब्या मनी प्लांटला ओततो. तुळस अंगणात उन्हात असते, तिला रोज पाणी चालते. घरातल्या वेलीला तेच पाणी जड जाते.

यात फसवणारी गोष्ट अशी की तहानलेली वेल आणि बुडालेली वेल वरून सारखीच दिसते. दोन्हींची पाने मलूल होऊन लोंबतात. मुळे कुजली की कुंडीत पाणी असूनही ते पानापर्यंत पोचत नाही. मग घरातली मंडळी म्हणतात, "वेल सुकली, पाणी घाला." ओल्या मातीत आणखी पाणी पडते आणि उरलेली मुळेही जातात. म्हणून पान पाहून पाणी देऊ नये, माती पाहून द्यावे. माती कोरडी आणि पाने लोंबलेली असतील तर तहान आहे. पोटभर पाणी दिले की काही तासांत वेल सावरते. माती ओली, खालची पाने पिवळी, देठ मऊ आणि कुंडीला कुबट वास असेल तर मूळकुज सुरू झाली आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींना अशीच ओली, कोंदट माती मानवते. ती बुरशी बाहेरून औषध ओतून आटोक्यात आणण्यापेक्षा पाणी आवरणे स्वस्त पडते.

वाफसा पाहायचा कसा? बोट मातीत दोन पेरांपर्यंत घालावे. तिथे ओल लागली तर पाणी देऊ नये, कोरडे लागले तर द्यावे. माती वरून पांढरट दिसते म्हणून फसू नये, वरचा थर सर्वांत आधी वाळतो. दुसरी खूण वजनाची. पाणी दिल्यावर कुंडी उचलून पाहावी आणि चार दिवसांनी पुन्हा उचलावी. दोन-तीन वेळा असे केले की हाताला अंदाज येतो. डोक्यावरच्या घागरीत पाणी किती आहे, ते न पाहता ओळखणाऱ्या बायांना ही परीक्षा जड नाही.

पाणी द्यायचे तेव्हा मात्र घोटभर देऊ नये. तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे म्हणजे सर्व मुळांना ओल मिळते, आणि मग पुढच्या वाफशापर्यंत थांबावे. शेतात आपण पाण्याची पाळी देतो, तसेच हे आहे. रोज थोडे थोडे दिले की वरचा थर सदा ओला राहतो आणि तळाची माती कधी कोरडीठाक, कधी चिखल अशी होते. कुंडीखालच्या बशीत उतरलेले पाणी पंधरा-वीस मिनिटांनी फेकून द्यावे.

किती दिवसांनी, असे प्रत्येक वर्गात विचारले जाते. ढोबळ अंदाज सांगतो. सहा इंची कुंडी, खिडकीजवळ, मोकळी माती, असे असेल तर उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि थंडीत आठवड्याने. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, ती लवकर वाळते. प्लॅस्टिकची उशिरा. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीत कूलर असेल तर हवा दमट राहते आणि माती वाळत नाही. छपराखाली नुसत्या गरम झळा लागत असतील तर दोन दिवसांतच बोट कोरडे निघते. तेव्हा माझ्या आकड्यांपेक्षा तुमच्या बोटावर भरवसा ठेवा.

कुंडीच्या तळाशी खडे घालावेत म्हणजे निचरा चांगला होतो, असे सर्रास सांगितले जाते. रोपवाटिकेतले जुने माळीही सांगतात. हे बरोबर नाही. बारीक मातीतले पाणी खाली जाड खडीत सहजी उतरत नाही. वरची माती पाण्याने पूर्ण भरल्याशिवाय ते खडीत पडतच नाही. भिजलेला स्पंज हातात धरला तर वरचा भाग पाझरतो, पण खालच्या कडेला पाणी धरून राहते. कुंडीच्या तळाशी असा ओला थर असतोच. खाली खडे घातले की तो थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांना जागा कमी उरते. भोकातून माती वाहू नये म्हणून एक खापरी पालथी ठेवली, की पुरे. निचरा हवा असेल तर तळाची नव्हे, सगळी माती मोकळी करावी.

नुसती काळी माती म्हणून कुंडीत भरू नये. ती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. पोयट्याची किंवा लाल माती एक भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट म्हणून मिळणारा नारळाचा भुसा एक भाग आणि अर्धा भाग जाड वाळू, हे मिश्रण या वेलीला मानवते. कुंडीही बेताची घ्यावी. हातभर वेलीला बादलीएवढी कुंडी दिली तर मुळे कोपऱ्यात आणि माती सगळीकडे ओली, अशी गत होते.

मूळकुज झालेली वेल वाचते का? शेंडा आणि वरची पाने टवटवीत असतील तर वाचते. कुंडीतून काढून मुळे धुवावीत. काळी, मऊ, सालीसकट निघून येणारी मुळे कापून टाकावीत. पांढरट, टणक मुळे राहिली असतील तर नव्या मातीत लहान कुंडीत लावावे. सगळीच गेली असतील तर वरचे निरोगी कांड छाटून घ्यावे आणि जुनी माती उन्हात तापवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला वापरू नये.

मग बाटलीत ती जगते कशी

इथे हुशार मंडळी अडवतात. "साहेब, पाण्याने मुळे कुजतात म्हणता, मग आमच्याकडे बाटलीत वर्षभर वेल आहे ती?" प्रश्न रास्त आहे. पाण्यातच फुटलेली मुळे पाण्याला सरावलेली असतात. पाण्यात विरघळलेल्या थोड्या हवेवर ती भागवतात. मातीत, मोकळ्या हवेत वाढलेल्या मुळांवर अचानक पाणी कोंडले तर त्यांना ते साधत नाही. म्हणूनच बाटलीतली वेल मातीत लावली की पहिले काही दिवस ती मलूल दिसते. तेव्हा दहा-पंधरा दिवस माती किंचित ओलसर ठेवावी, पुढे वाफशाचा नियम लावावा.

बाटलीतल्या वेलीचा खरा धोका वेगळा आहे, आणि तो घरातल्या माणसांना आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. रांजण, कूलर, टायर, फुलदाणी आणि मनी प्लांटची बाटली या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. साथीच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी घरी येऊन आधी मनी प्लांटची बाटली उचलून पाहतात, ते उगाच नव्हे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी पाणी बदलावे. नुसते ओतून नवे भरणे पुरत नाही, कारण ही अंडी पाण्याच्या कडेला काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून बाटली आतून ब्रशने किंवा काथ्याने घासावी, मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत. बाटलीच्या तोंडाशी वेलीभोवती कापसाचा बोळा बसवावा. ज्या घरात हे दर आठवड्याला होणार नाही, त्या घराने वेल मातीतच लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाटली कोणती घ्यावी, याबद्दलही बोलायला हवे. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या, विशेषतः रंगीत आणि जाड, चांगल्या दिसतात म्हणून त्यांत मनी प्लांट लावलेला मी बऱ्याच घरांत पाहतो. हे कृपा करून करू नका. बाटली कितीही धुतली तरी औषधाचा अंश राहू शकतो, आणि लहान मूल बाटलीतले पाणी पिणार नाही असे कोणी सांगावे? रिकामा डबा फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे, डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. घरात त्याला जागा देऊ नये.

उजेड, खत आणि पाणी खारे असल्यास

ही वेल अंधारात जगते म्हणून अंधारात वाढते असे नाही. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून दोन ते सहा फुटांच्या आत तिला चांगले मानवते. दुपारचे थेट ऊन पानावर आले तर पान करपते. उजेड फार कमी असेल तर दोन पानांतले कांडे लांबते, पाने लहान येतात आणि नव्या पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे कमी होत जातात. पट्ट्याच्या भागात हरितद्रव्य कमी असते. म्हणून भरपूर पांढरी पाने असलेल्या मार्बल क्वीनसारख्या जातीला साध्या हिरव्या-पिवळ्या जातीपेक्षा जास्त उजेड लागतो आणि तिची वाढ सावकाश होते. थंडीचेही भान ठेवावे. पारा दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा वेलीला इजा होते. निफाड भागातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कुंडी ओट्यावरून घरात घ्यावी.

वेल लोंबती ठेवली तर पाने लहान राहतात. वर चढवली तर मोठी होतात. कोकणात नारळाच्या किंवा आंब्याच्या खोडावर चढलेली हीच वेल सुपाएवढी, चिरलेली पाने धरते आणि पुष्कळांना ती वेगळी जात वाटते. मोठी पाने हवी असतील तर काठीला काथ्या गुंडाळून ती कुंडीत रोवावी आणि काथ्या ओलसर ठेवावा. पेरांवरची मुळे त्याला धरतात.

खताची घाई नको. चांगले मिश्रण असेल तर पहिले तीन महिने काहीही लागत नाही. पुढे वाढीच्या काळात महिन्यातून एकदा विद्राव्य १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात ओल्या मातीवर द्यावे, थंडीत बंद ठेवावे. शेतातला चिमूटभर युरिया कुंडीत टाकायची सवय वाईट. एकरात ज्याचा मागमूस लागत नाही, ते कुंडीत मुळे जाळून टाकते.

बोअरचे पाणी खारे असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरते, पानांची टोके तपकिरी होतात. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवून वापरावे, नाहीतर दोन महिन्यांतून एकदा अंगणात नेऊन कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्यावे म्हणजे क्षार धुऊन जातात. पानांवरची धूळ पंधरवड्याने ओल्या फडक्याने पुसावी. तेल किंवा दूध लावून पाने चकाकवू नयेत.

छाट कसा घ्यावा

उसाची एक डोळा टिपरी लावणाऱ्यांना हे पाच मिनिटांत येते. फुटवा पेराशी असलेल्या डोळ्यातून येतो, पानातून नाही. नुसते पान देठासकट तोडून पाण्यात ठेवले तर ते महिनोन्महिने हिरवे राहील, कधी मूळही धरेल, पण त्यातून वेल होणार नाही. शेजारणीने चोरून नेलेला मनी प्लांट लागतो असे म्हणतात. घाईने ओरबाडलेल्या तुकड्याला पेर आले असेल तर तो लागतो, नसेल तर नाही. यात चोरीचे पुण्य काही नाही. मागून घ्या, कात्रीने कापून मिळेल.

एक किंवा दोन डोळ्यांचा, एक पान असलेला छाट घ्यावा. काप पेराच्या खाली बोटभर द्यावा आणि कात्री आधी गरम पाण्याने धुऊन घ्यावी. पेरावर तपकिरी गाठीसारखे हवाई मूळ दिसत असेल तर उत्तम. छाट पाण्यात किंवा ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत ठेवावा. उबदार दिवसांत दोन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा. एका कुंडीत चार-पाच छाट एकत्र लावले तर कुंडी भरलेली दिसते. एकच छाट लावून तो भरगच्च होईल अशी वाट पाहू नये. वेल लांबते, ती आपणहून फारशी फुटत नाही. शेंडा छाटला तरच बाजूचे डोळे जागे होतात.

वेलीवर नजर ठेवा, हेही सांगतो. एखाद्या फांदीवर अचानक वेगळ्या रंगाची किंवा आकाराची पाने येतात. मनी प्लांटच्या पांढऱ्या, पोपटी जातींपैकी काही अशाच बदललेल्या फांदीवरून निवडलेल्या आहेत. द्राक्षात तास-ए-गणेश आणि सोनाका या जाती महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी थॉम्पसनच्या वेलींतूनच निवडल्या. नजर असली की असे सापडते.

कीड आणि घरातले औषध

पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. देठावर तपकिरी टोपणे दिसली तर खवले कीड. कोरड्या हवेत पानामागे बारीक जाळी आणि फिकट ठिपके पडले तर कोळी. तिन्हींवर पहिला उपाय हाताचाच आहे. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुंजके पुसावेत, वेल साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावी. तरीही राहिली तर निंबोळी तेल ५ मिलि आणि थोडा साबण एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी अंगणात नेऊन फवारावे.

शेतात उरलेले औषध मात्र घरातल्या वेलीवर मारू नये. कपाशीवर जे औषध आपण नाकाला फडके बांधून मोकळ्या रानात मारतो, ते बंद खोलीत, पाळण्यापासून चार हातांवर मारण्याचा विचारही करू नये. पंधरा-वीस रुपयांच्या छाटासाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही. फार किडलेली वेल असेल तर शेंड्याचा स्वच्छ छाट ठेवून बाकीची टाकून द्यावी.

लेकरे, जनावरे आणि टाकलेली वेल

आता अळवाकडे येतो. अळवात, सुरणात आणि मनी प्लांटमध्ये कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावले की ते तोंडात आणि घशात टोचतात. आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजते. अळू आपण चिंच घालून शिजवून खातो. मनी प्लांट खाण्याची वस्तू नाही, शिजवूनही नाही. रांगते मूल ज्या घरात आहे तिथे वेल उंचावर टांगावी आणि लोंबते शेंडे हाताला येणार नाहीत इतके छाटावेत. मुलाने चावलेच तर तोंडातले तुकडे काढून ओल्या फडक्याने तोंड पुसावे, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्यावे. उलटी करवू नये. सूज वाढली, गिळता येईना किंवा श्वास लागला तर विलंब न करता दवाखाना गाठावा. छाटणीचा कचरा शेळ्या-वासरांच्या पुढे टाकू नये. छाटणी केल्यावर हात धुवावेत, चीक डोळ्याला लागला तर झोंबतो.

उरलेली वेल ओढ्यात, देवराईत किंवा बांधावर फेकण्याची सवयही मोडायला हवी. एक डोळा जिवंत राहिला तरी पुरतो. श्रीलंकेत आणि हवाई बेटांत घरातून बाहेर टाकलेली ही वेल जंगलात पसरली आहे, तिथे ती जमीन झाकते आणि झाडांवर चढते. आपल्या पठारावरच्या कोरड्या हवेत ती तेवढी माजणार नाही, पण कोकण-गोव्याच्या ओलसर भागात तिला रान मोकळे आहे. गाजर गवताने काय केले, ते आपण भोगतो आहोत. छाट उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकावेत.

विकणाऱ्या भगिनींसाठी

मनी प्लांट हवा शुद्ध करतो, असे सांगून रोप विकणे सोपे जाते. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत झाडे ठेवून काही विषारी वायू कमी होतात का, हे पाहिले होते. तिथून ही गोष्ट पसरली. पण राहते घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडले. नेहमीच्या वायुवीजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटर जागेत दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील, असे त्यातून निघाले. तेव्हा चुलीच्या धुरावर मनी प्लांट हा इलाज नाही. त्याला खिडकी आणि धुराडेच हवे. गिऱ्हाइकाला सांगायचे तर खरे सांगा: डोळ्याला गारवा मिळतो आणि निगा थोडी लागते.

रोप शेडनेटमध्ये रोज पाणी खाऊन वाढलेले असते. ते एकदम अंधाऱ्या खोलीत गेले की धक्का बसतो. विक्रीच्या आधी दोन आठवडे ते जास्त सावलीत हलवावे आणि पाण्याची पाळी लांबवावी. भोक नसलेल्या दिखाऊ भांड्यात रोप थेट लावून विकू नये. भोकाची लहान कुंडी त्या भांड्यात बसवून द्यावी म्हणजे पाणी काढून टाकता येते. आणि प्रत्येक कुंडीला एक चिठ्ठी बांधा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "बोट दोन पेरे घालून पाहा. कोरडे लागले तरच पाणी द्या. मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवा." एवढ्या चिठ्ठीने तुमची किती रोपे वाचतील, ते पुढच्या हंगामात तुम्हालाच कळेल. परत आलेल्या रोपाची माती न चुकता तपासा आणि गिऱ्हाइकासमोर कुंडीतून काढून मुळे दाखवा. मुळे पाहिल्यावर वाद राहत नाही.

बाहेर पडवीत ओल्या गोणपाटाखाली छाट ठेवले आहेत, दोन डोळ्यांचे. प्रत्येकीने चार न्यावेत. घरी पोचेपर्यंत ते सुकू देऊ नका, आणि जाताना एकदा पेर आणि डोळा कुठे आहे ते बोटाने दाखवून जा, म्हणजे चुकून कोणी नुसती पाने नेणार नाही.